आमच्या व्यायामशाळेचा बारबेल

नागपूरच्या महाल भागातील आमच्या व्यायामशाळेत लाल मातीचा आखाडा, मल्लखांब, मुद्गलांच्या जोड्या आणि भिंतीशी उभे केलेले काही जुने लोखंडी रॉड एवढेच साहित्य वर्षानुवर्षे होते, आणि जोर-बैठका व कुस्ती करणाऱ्यांना ते पुरतही होते. गेल्या काही वर्षांत मात्र वस्तीतील मुली आणि तरुण मुले स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठक), डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलून ताठ उभे राहणे), क्लीन अँड जर्क (वजन आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर नेणे) शिकायला येऊ लागली, आणि या सरावाला योग्य बारबेल, म्हणजे दोन्ही टोकांना वजने लावायचा दांडा, व त्याला लावायच्या वजनाच्या चकत्या, म्हणजे प्लेट्स, हव्यात असे समितीत ठरले. मुलींचा वर्ग मी घेत असल्यामुळे निवडीची जबाबदारी माझ्याकडे आली. वर्गणीतून जमलेली रक्कम मर्यादित होती आणि असा खर्च पुन्हा लवकर होणार नव्हता, म्हणून प्रत्येक वस्तू मोजून, तोलून आणि जाणकारांना विचारूनच घ्यायची असे मी ठरवले. त्यातून जे हाती लागले ते इतर व्यायामशाळांना, शाळांना आणि घरी सराव करणाऱ्यांना उपयोगी पडेल असे वाटते.

सर्वांत आधी ठरवावा लागतो तो प्लेटच्या छिद्राचा व्यास. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न "किती किलोचा सेट देऊ?" असा येतो, आणि बहुतेक जण त्याच प्रश्नाचे उत्तर देत बसतात. परंतु बाजारात दोन वेगवेगळ्या मापांचे साहित्य शेजारी शेजारी ठेवलेले असते. एका प्रकारात रॉड टोकापासून टोकापर्यंत एकाच जाडीचा, साधारण २५ ते २८ मि.मी. व्यासाचा असतो आणि प्लेटचे छिद्र त्याहून थोडे मोठे असते. घरगुती सेट म्हणून जे विकले जाते ते बहुतेक याच मापाचे. दुसऱ्या प्रकाराला सगळे ऑलिंपिक बार म्हणतात. त्यात हाताने धरायचा भाग बारीक असतो आणि प्लेट बसते ती दोन्ही टोकांची स्लीव्ह ५० मि.मी. जाडीची असून स्वतंत्रपणे फिरते. लहान छिद्राची प्लेट मोठ्या स्लीव्हवर कधीच चढत नाही. उलट दिशेने, मोठ्या छिद्राची प्लेट बारीक रॉडवर बसवण्यासाठी ॲडॉप्टर मिळतात, पण ती तात्पुरती सोय आहे. त्यामुळे आज शंभर किलोच्या लहान छिद्राच्या प्लेट्स घेतल्या आणि दोन वर्षांनी चांगला बार घ्यायचे ठरवले, तर त्या शंभर किलोंचा नव्या बारला काहीही उपयोग उरत नाही.

आमच्याकडे जुन्या, लहान छिद्राच्या बिडाच्या प्लेट्स पुष्कळ होत्या, आणि त्यांची छिद्रे मोठी करून घेतली तर मोठा खर्च वाचेल असा विचार समितीत पुढे आला. तो विचार रास्त होता, म्हणून मी त्यांतल्या दोन प्लेट्स हिंगणा एमआयडीसीतील एका लेथवाल्याकडे घेऊन गेले. मिस्त्रींनी व्हर्निअर लावून मापे घेतली, छिद्राभोवतीच्या उंचवट्यावर खडूने ५१ मि.मी.चे वर्तुळ आखले, आणि आमच्या लक्षात आले की लहान प्लेट्समध्ये त्या वर्तुळाच्या बाहेर बीड फारसे उरतच नाही. मोठ्या प्लेट्सना ते शक्य होते. मात्र २८ मि.मी.चे छिद्र ५१ मि.मी.चे करताना तीन सें.मी. जाडीच्या प्लेटमधून सुमारे ३०० ग्रॅम बीड निघून जाते, म्हणजे दहा किलोची प्लेट पावणेदहा किलोच्याही खाली येते. शिवाय जुन्या ओतकामात कुठे कुठे बीड इतके कडक झालेले असते की लेथचे टूल तिथे टिकत नाही, असे मिस्त्रींनी सांगितले. आम्ही तो बेत सोडला. जुन्या प्लेट्स जुन्या रॉडवरच राहिल्या आहेत आणि नवशिक्यांच्या हलक्या सरावाला त्या उत्तम चालतात.

त्या जुन्या रॉडबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. व्यायामशाळेत त्यांतला पाच फुटी रॉड सरसकट दहा किलोचा धरला जात असे. पोलादाचे वजन एका घन सेंटिमीटरला साधारण ७.८५ ग्रॅम असते; त्या हिशेबाने २८ मि.मी. व्यासाचा भरीव पाच फुटी रॉड साडेसात किलोंच्या जवळपास भरतो आणि २५ मि.मी.चा असेल तर सहा किलोंच्याही आत राहतो. रॉड आतून पोकळ असेल तर आणखी कमी. आमचा रॉड काट्यावर ठेवला तेव्हा हिशेब आणि काटा जवळजवळ जुळले. ज्यांच्या घरी असा रॉड आहे त्यांनी तो एकदा तोलून त्यावर रंगाने खरे वजन लिहून ठेवावे, कारण सरावाची वही त्या आकड्यावरच चालते.

आता बारकडे येते. सर्व खर्चात बार हीच अशी वस्तू आहे जिच्यावर काटकसर करू नये, असे माझे ठाम मत झाले आहे. प्लेट बिडाची असो की रबराची, तिने फक्त जड असायचे असते. बारला वाकून पुन्हा सरळ व्हायचे असते, हातात टिकायचे असते आणि टोकांना फिरायचेही असते. वेटलिफ्टिंगच्या, म्हणजे वजन डोक्यावर नेण्याच्या, स्पर्धेत पुरुषांचा बार २० किलो वजनाचा, २.२ मीटर लांबीचा आणि पकडीच्या जागी २८ मि.मी. जाडीचा असतो. महिलांचा बार १५ किलोचा, २.०१ मीटर लांबीचा आणि २५ मि.मी. जाडीचा असतो. दोन्हींच्या स्लीव्ह मात्र ५० मि.मी.च्याच असतात, म्हणून प्लेट्सचा एकच संच दोन्ही बारना चालतो. पॉवरलिफ्टिंगचा, म्हणजे स्क्वॉट-डेडलिफ्टसारख्या प्रकारांच्या खेळाचा, बार थोडा जाड, २९ मि.मी.पर्यंत असतो, कमी लवचीक असतो आणि त्याच्या मध्यभागीही नर्लिंग असते, जेणेकरून स्क्वॉट करताना तो पाठीवरून घसरू नये. नर्लिंग म्हणजे पकड बसावी म्हणून बारवर काढलेली खरखरीत जाळी. या जाळीत ठरावीक अंतरावर गुळगुळीत पट्ट्या सोडलेल्या असतात. पॉवरलिफ्टिंगच्या बारवर त्या दोन पट्ट्यांमधील अंतर ८१० मि.मी. आणि वेटलिफ्टिंगच्या बारवर ९१० मि.मी. असते. दुकानदाराने बारचे नाव काहीही सांगितले तरी टेप लावून हे अंतर मोजले की बार कोणत्या खेळासाठी घडवला आहे ते कळते. काही बारवर दोन्ही खुणा असतात. आमच्याकडे दोन्ही प्रकारचा सराव चालत असल्याने तसाच बार आम्हाला हवा होता.

पोलादाच्या ताकदीविषयी विक्रेते पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला इतके पौंड, या एककात बोलतात. चांगल्या बारसाठी एक लाख नव्वद हजार किंवा त्याहून मोठा आकडा सांगितला जातो, आणि तो पोलाद तुटण्याच्या मर्यादेचा असतो. प्रत्यक्षात बार तुटण्याच्या कितीतरी आधी कायमचा वाकतो, म्हणून वाकण्याची मर्यादा विचारणे अधिक महत्त्वाचे आहे. साध्या मऊ पोलादात ही मर्यादा चौरस मिलिमीटरला अवघी २५० न्यूटनच्या आसपास असते, तर उत्तम बारमध्ये ती त्याच्या चौपटीहून अधिक असू शकते. आमच्या जुन्या रॉडपैकी एक असाच मधोमध वाकलेला आहे, आणि खांद्यावर घेतला की तो आपली जड बाजू खाली आणण्यासाठी हातातल्या हातात वळतो. वाकण्याचा हा प्रश्न एके काळी जागतिक स्पर्धांनाही सतावत होता. स्वीडनमधील एलायको हा कारखाना मुळात घरगुती विजेची उपकरणे बनवणारा. तिथल्या वजन उचलणाऱ्या एका कर्मचाऱ्याच्या आग्रहामुळे त्यांनी १९५७ मध्ये बार बनवायला घेतला, आणि १९६३ च्या स्टॉकहोम येथील जागतिक स्पर्धेत त्यांचा एकच बार अखेरपर्यंत टिकला. तेव्हापासून चांगल्या बारकडून काय अपेक्षा करायची याचे माप बदलले.

स्लीव्हच्या फिरण्याचे महत्त्व मुलींना शिकवताना मला रोज दिसते. क्लीन करताना बार मांडीपासून खांद्यापर्यंत येतो आणि मनगटे क्षणार्धात उलटी फिरतात. त्या वेळी बारचा दांडा फिरतो, पण ४५ सें.मी. व्यासाच्या जड प्लेट्स तितक्या झपाट्याने फिरायला तयार नसतात. स्लीव्ह अडकली तर तो सगळा पीळ मनगटावर आणि कोपरावर येतो. स्लीव्हच्या आत एक तर पितळी किंवा कांस्याचे बुश असतात किंवा सुयांसारखे बारीक नीडल बेअरिंग असतात. बेअरिंगचा बार अधिक सहज फिरतो आणि स्नॅच (वजन एकाच झटक्यात डोक्यावर नेणे) आणि क्लीन अँड जर्कसाठी तो उत्तम. बुशचा बार जरा सावकाश फिरतो, पण आपटणे, धूळ आणि अनेकांची हाताळणी सहन करतो. सार्वजनिक व्यायामशाळेत बार दिवसभर वेगवेगळ्या हातांत जातो, म्हणून आम्ही बुशचा निवडला.

दुकानात बार तपासण्याची माझी पद्धत अशी ठरली. आधी स्लीव्हच्या टोकाकडे पाहायचे. स्वस्त बारमध्ये स्लीव्ह टोकाला एका बोल्टने आवळलेली असते; आपटून आपटून तो बोल्ट सैल होतो आणि भरल्या वजनाची स्लीव्ह निघून येण्याचा धोका असतो. चांगल्या बारमध्ये तिथे खाचेत बसवलेली स्प्रिंग पोलादाची रिंग, म्हणजे सर्क्लिप, दिसते. मग बार रॅकवर किंवा दोन बाकांवर आडवा ठेवून दांडा हाताने फिरवायचा आणि दूरच्या टोकाकडे डोळा लावायचा. टोक एकाच जागी फिरत राहिले तर बार सरळ आहे, वर्तुळ काढू लागले तर तो तिथेच सोडायचा. स्लीव्ह एका बोटाने फिरवून पाहायची, बार उभा धरून हलकेच हलवायचा आणि आत खडखडाट होतो का ते ऐकायचे. शेवटी डोळे मिटून दोन्ही तळवे नर्लिंगवरून डावीकडून उजवीकडे न्यायचे. एका बाजूची जाळी टोकदार आणि दुसऱ्या बाजूची बोथट असेल तर जड डेडलिफ्टमध्ये एक हात आधी सुटतो. सीताबर्डीतील एका दुकानात मला दिसायला सर्वांत चकचकीत वाटलेला बार याच शेवटच्या कसोटीवर बाजूला ठेवावा लागला.

१५ किलोच्या बारवरून आमच्या समितीत बरीच चर्चा झाली. आमचे सर्वांत ज्येष्ठ सदस्य, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांनी आयुष्यभर तालीम केली आहे आणि त्यांच्या शब्दाला मान आहे. ते म्हणाले, "ताई, एकच बार घ्या न. मुली त्यालाच हलकं वजन लावून करतील."

मी म्हणाले, "काका, बारच वीस किलोचा आहे. त्याला काही लावण्याआधीच तो काही मुलींना जास्त होतो."

काकांचा प्रश्न पैशाचा होता, आणि तो बरोबरच होता, म्हणून मी त्यांना दुकानात येण्याची विनंती केली. सोबत वर्गातील दोन मुली होत्या. वेटलिफ्टिंगमध्ये अंगठा बारभोवती आधी गुंडाळतात आणि त्यावर पहिली दोन बोटे दाबून बसवतात. या पकडीला हुक ग्रिप म्हणतात, आणि जड वजन हातातून निसटू नये म्हणून ती आवश्यक असते. २८ मि.मी.च्या बारवर मुलीच्या अंगठ्याचे नख कसेबसे एका बोटाखाली येत होते. २५ मि.मी.च्या बारवर तोच अंगठा दोन्ही बोटांखाली पूर्ण दडला आणि तिने बार जमिनीवरून सहज उचलला. काकांनी तिचा हात जवळून पाहिला, स्वतः दोन्ही बार धरून पाहिले आणि म्हणाले, "हो जी, हे वेगळंच आहे. दोन्ही घ्या."

महिलांचे वेटलिफ्टिंग ऑलिंपिकमध्ये प्रथम आले ते २००० साली, सिडनीला, आणि त्याच वर्षी कर्णम मल्लेश्वरी यांनी ६९ किलो गटात एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक मिळवले. टोकियोत मीराबाई चानू यांनी ४९ किलो गटात २०२ किलो उचलून रौप्यपदक जिंकले, ते आमच्या मुलींनी मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिले आहे. ज्या मापाच्या बारने त्या खेळाडू उचलतात त्या मापाचा बार आमच्या मुलींना पहिल्या दिवसापासून मिळावा, याबद्दल मला कोणतीही तडजोड करायची नव्हती.

प्लेट्समध्ये निवड मुख्यतः तीन प्रकारांत करावी लागते. बिडाच्या साध्या प्लेट्स सर्वांत स्वस्त असतात आणि किलोच्या भावाने मिळतात. रबराच्या बम्पर प्लेट्सना किलोमागे आम्हाला जवळजवळ दुप्पट भाव सांगितला गेला, पण वजन डोक्यावरून खाली सोडायचे असेल तर त्यांना पर्याय नाही. तिसरा प्रकार पॉवरलिफ्टिंगच्या कॅलिब्रेटेड पोलादी प्लेट्सचा. त्या पातळ, अचूक आणि फार महाग असतात. बम्पर प्लेट्सचा एक मोठा गुण किंमत ऐकताना लक्षात येत नाही. १० किलोपासून २५ किलोपर्यंतच्या सगळ्या बम्पर प्लेट्सचा व्यास सारखाच, ४५ सें.मी. असतो, त्यामुळे वजन कितीही असले तरी बार जमिनीपासून साडेबावीस सें.मी. उंचीवर राहतो. दहा किलोची बिडाची प्लेट साधारण तीस सें.मी. व्यासाची असते, म्हणजे बार सात-आठ सें.मी. खाली जातो, आणि डेडलिफ्ट शिकणाऱ्याला तेवढे खाली वाकताना पाठ गोल करावी लागते. नवशिक्यांना चुकीची पाठ शिकवणारे साहित्य स्वस्त असले तरी घेऊ नये, असे मला वाटते.

बम्परमध्येही फरक असतो. जुन्या टायरच्या चुऱ्यापासून बनवलेल्या प्लेट्स जाड असतात आणि जास्त उसळतात. आम्ही मोजलेली अशी वीस किलोची प्लेट नऊ सें.मी. जाडीची भरली. पुरुषांच्या बारची स्लीव्ह सुमारे साडेएक्केचाळीस सें.मी. लांब असते, म्हणजे प्लेट्स सरकू नयेत म्हणून लावायच्या क्लिपची जागा सोडून एका बाजूला अशा चारच प्लेट्स बसतील. आमच्या सध्याच्या सरावाला ते पुरेसे आहे. प्लेटच्या मधली पोलादी कडी रबरात घट्ट बसली आहे का, हे मात्र अंगठ्याने दाबून पाहावे, कारण बहुतेक बम्पर प्लेट्स तिथूनच निकामी होतात. आणि दहा किलोची बम्पर पातळ असल्याने बारला फक्त दहाची जोडी लावून उंचावरून आपटू नये, ती वाकते. सोडून द्यायचे वजन किमान पंधराच्या जोडीचे असावे. स्पर्धेतील रंगांची पद्धत, म्हणजे २५ किलो लाल, २० निळी, १५ पिवळी आणि १० हिरवी, काही उत्पादक पाळतात. आम्ही रंगीत प्लेट्स घेतल्या नाहीत, काळ्या घेतल्या आणि कडेला रंगाच्या पट्ट्या ओढल्या.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. प्लेटवर लिहिलेले वजन आणि तिचे खरे वजन यांत किती फरक असू शकतो, हे तोलून पाहिल्याशिवाय कळत नाही. इतवारीतील एका दुकानात वीस किलोच्या बिडाच्या प्लेट्सची चळत होती आणि शेजारीच इलेक्ट्रॉनिक काटा होता. मी एकेक प्लेट तोलायची परवानगी मागितली तेव्हा दुकानदार म्हणाले, "काहून तोलता जी ताई, वजन छापलंच आहे न त्याच्यावर." तरीही त्यांनी काटा मोकळा करून दिला आणि स्वतः प्लेट्स उचलून ठेवू लागले. पहिली प्लेट १९.३ किलो भरली, दुसरी २०.५, तिसरी १९.८. पहिल्या दोन प्लेट्सची जोडी करून बारला लावली असती तर दोन बाजूंत १.२ किलोचा फरक पडला असता, आणि खांद्यावर बार घेणाऱ्याला आपल्याच कमरेत काही दोष आहे असे वाटत राहिले असते. दुकानदारांनाही त्या आकड्यांचे आश्चर्य वाटले. मग आम्ही दोघांनी मिळून चळत लावली आणि जवळजवळ सारख्या वजनाच्या जोड्या निवडल्या.

असा फरक पडण्याला नेहमी लबाडीच कारण असते असे नाही. वाळूच्या साच्यात ओतलेले बीड थंड होताना आकसते, साच्याच्या दोन अर्ध्यांतली फट कमीजास्त होते, आणि पुढे लेथवर काम केले नाही तर जे वजन येईल तेच राहते. कॅलिब्रेटेड प्लेटच्या मागील बाजूस लहान भोके असतात. त्यांत धातू कमीजास्त करून वजन नेमके केले जाते, आणि त्या मेहनतीचाच तो भाव असतो. आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंगच्या नियमांनुसार प्लेटच्या वजनात पाव टक्क्याहून अधिक फरक चालत नाही, म्हणजे वीस किलोला फक्त ५० ग्रॅम. आम्हाला तेवढ्या अचूकतेची गरज नव्हती आणि ती परवडलीही नसती. आम्ही सर्व प्लेट्स तोलल्या, जोड्या लावल्या आणि प्रत्येक प्लेटच्या आतल्या बाजूस पांढऱ्या रंगाने जोडीची खूण व खरे वजन लिहिले. चारशे-पाचशे ग्रॅमच्या या हिशेबाला कुणी फाजील म्हणू नये. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात २४८ किलो उचलले आणि कोपराला दुखापत होऊनही रौप्यपदक मिळवले. सुवर्णपदक विजेत्याने २४९ किलो उचलले होते.

याच कारणाने लहान प्लेट्सचा आग्रह धरावा. दुकानात मोठ्या प्लेट्स पुढे मांडलेल्या असतात आणि सव्वा किलोची जोडी मागितली तर ती कुठेतरी मागून शोधून आणावी लागते. परंतु हिशेब पाहा. जी मुलगी वीस किलो डोक्यावर दाबते, तिला सव्वा किलोची जोडी लावली तर एकदम अडीच किलोंची, म्हणजे साडेबारा टक्के वाढ होते, आणि ती अनेकदा तिथेच अडकते. अर्ध्या किलोची जोडी लावली तर वाढ पाच टक्क्यांची होते आणि ती पुढे सरकत राहते. शंभर किलोचा स्क्वॉट करणाऱ्या मुलाला अडीच किलोंची वाढ जाणवतही नाही. म्हणजे जो जितका नवशिका, त्याला तितकी लहान प्लेट हवी, आणि नेमकी तीच बहुतेक व्यायामशाळांत नसते. वीस किलोचा बार आणि १०, ५, २.५ व १.२५ किलोंची प्रत्येकी एक जोडी एवढ्यावर वीसपासून साडेसत्तावन्न किलोंपर्यंत अडीच-अडीच किलोंची प्रत्येक पायरी गाठता येते. घरी सराव करणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी. आम्ही याला अर्ध्या किलोची एक जोडी, दहाची आणखी एक जोडी, पंधराची एक आणि वीसची एक अशी भर घातली. प्लेट्सचे एकूण वजन १२८.५ किलो झाले. पंधरा, वीस आणि दहाची एक जोडी बम्परची, बाकीच्या बिडाच्या.

बार बाहेरगावाहून मागवावे लागले. मेरठ आणि जालंधर ही क्रीडासाहित्याची मोठी केंद्रे आहेत आणि तिथला माल नागपुरात ट्रान्सपोर्टने येतो. वाडीच्या गोदामात माल आला तेव्हा बिल्टीवर सही करण्याआधी आम्ही पुठ्ठ्याची नळी उघडून दोन्ही बार तिथल्याच दोन खोक्यांवर फिरवून पाहिले. सही झाल्यावर वाकलेल्या बारची तक्रार करणे अवघड असते, म्हणून हमालांना थोडे थांबवावे लागले तरी हे करावे.

जमिनीचा विचारही खरेदीतच धरला पाहिजे. आमच्याकडे शहाबादी फरशी आहे आणि तिच्यावर शंभर किलो सोडले तर ती फुटणारच. आम्ही ८ बाय ४ फुटांची प्लायवुडचे तक्ते आडवे-उभे दोन थरांत ठोकून आठ बाय आठ फुटांचा फळा केला आणि प्लेट्स पडतात त्या दोन्ही कडांना जुन्या कन्व्हेअर बेल्टचे तुकडे अंथरले. नागपूरच्या आसपास कोळशाच्या खाणी असल्यामुळे असा वापरलेला बेल्ट भंगारात मिळतो. तो जाड, मजबूत आणि जिमच्या रबरी टाइलपेक्षा पुष्कळ स्वस्त असतो. वरच्या मजल्यावर सराव करणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की राहत्या घराचा स्लॅब भारतीय मानकांनुसार साधारण दर चौरस मीटरला २०० किलोंच्या भारासाठी आखलेला असतो आणि आपटण्याचा धक्का त्यात धरलेला नसतो. तिथे वजन सोडू नये, हळू खाली ठेवावे.

बारवरील लेपाची निवड करताना नागपूरच्या हवेचा विचार केला. ब्लॅक ऑक्साइडचा बार हातात फार छान बसतो, पण तो लवकर गंजतो. हार्ड क्रोम त्याहून टिकाऊ. पावसाळ्यात गंज धरतो हे सर्वांना ठाऊक असते. आमच्याकडे मे महिन्यातही धोका असतो, कारण पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दिवसभर कूलर चालतो आणि त्याच्या झोतातली ओल थेट बारवर बसते. म्हणून आम्ही क्रोमचे बार घेतले आणि रॅक कूलरच्या झोताबाहेर, समोरच्या भिंतीला हलवला. सराव संपल्यावर नर्लिंगमध्ये अडकलेली, पकडीसाठी हाताला लावायची मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड नायलॉनच्या ब्रशने झाडून काढावी लागते, कारण तीही घामाची ओल धरून ठेवते. आठवड्यातून एकदा शिलाई मशीनचे तेल फडक्यावर घेऊन दांडा पुसायचा आणि एक-दोन थेंब स्लीव्ह व दांड्याच्या सांध्यात सोडायचे, हे काम वर्गातील मुलींनी आपसांत वाटून घेतले आहे.

अजून एक वस्तू घ्यायची राहिली आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी १५ किलोचा बारही जड होतो. त्यांना हलका सरावाचा बार आणि पाच किलोच्या, पण पूर्ण ४५ सें.मी. व्यासाच्या प्लास्टिकच्या प्लेट्स हव्यात, म्हणजे हलक्या वजनातही बार योग्य उंचीवरून उचलता येईल. दिवाळीनंतरच्या वर्गणीत तो खर्च बसवायचे समितीने मान्य केले आहे. तोवर ही मुले जुन्या रॉडच्या दोन्ही टोकांखाली लाकडी ठोकळे ठेवून त्याच उंचीवरून उचलण्याचा सराव करत आहेत.